सोमवारची संध्याकाळ आणि आपली ताटं



लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून आज थोडं जुनं सांगते.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झालं आणि त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. 'पी.एल. ४८०' कायद्याखाली अमेरिकेचा गहू बोटींनी यायचा, त्यावर रेशनची दुकानं चालायची. तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. सोमवारी संध्याकाळी कितीतरी घरांत चूल पेटायची नाही, हॉटेलंही बंद राहायची. आपल्याला यात नवीन काय? अनशन आणि ऊनोदर ही आपल्या बारा तपांतली पहिली दोन. एरवी आपण तप करतो ते स्वतःच्या कर्मनिर्जरेसाठी. तेव्हा ते शेजाऱ्याच्या ताटासाठीही झालं.

१९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. त्या काळात काही राज्यांनी लग्नातल्या पाहुण्यांच्या संख्येवरही कायद्याने मर्यादा घातली. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाल मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाल्ली. मिलोचं नाव काढलं की माझ्या सासूबाई अजून तोंड वाकडं करतात, पण पानात कुणाला काही टाकू देत नाहीत.

मग हरितक्रांतीने कोठारं भरली. टंचाई गेली हे चांगलंच झालं, पण तिच्याबरोबर धाकही गेला. पंगतीत आग्रह असायचा, तरी पदार्थ मोजके असायचे. आता बुफेत प्रत्येक पदार्थाची चव बघायची आणि पदार्थ मोजून यजमानाची पत ठरवायची. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. म्हणजे दोष एकट्या केटररचा नाही. अन्नाबरोबर शेताचं पाणी, गॅस, माणसांचे श्रम जातात. कचऱ्यात ते कुजून मिथेन वायू होतो. साठलेल्या उष्ट्यातली जीवहिंसा तर तुम्हाला सांगायला नकोच.

मुलीच्या लग्नात मी बारा पदार्थांवर अडून बसले आहे. 'लोक काय म्हणतील' हे घरात रोज ऐकते. ताट धुऊन पिणाऱ्या आजीची आपण नातवंडं. पाहुण्यांनी नावं ठेवली तर ठेवू देत. तुमच्याकडे किती पदार्थ ठरलेत, ते जरूर कळवा.