अमूद, लंब आणि आमचे अणदूर

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातला काही काळ नळदुर्गास राहते, उरलेला अणदुरास. भूमितीला विचारले असते तर तिने निराळा तोडगा दिला असता: दोन्ही गावांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर लंब काढा, त्यावरची प्रत्येक जागा दोघांना सारखीच जवळ. पण तिथे देवळाऐवजी कुणाची तरी ज्वारी उभी असायची! असो. तुळजापूर हे तिसरे गाव घेतले, तर तिन्हींपासून सारखी लांब अशी जागा एकच उरते. त्या अंतराला ब्रह्मगुप्ताने 628 साली ‘हृदयरज्जू’ असे गोड नाव दिले आहे.

आमच्या वडिलांना मात्र यातले काही ठाऊक नव्हते. निजामी अमलात वरच्या इयत्ता उर्दूतून; त्यामुळे त्यांचा त्रिकोण ‘मुसल्लस’, कोन ‘जाविया’ आणि लंब ‘अमूद’. घरी मराठी, फळ्यावर उर्दू. 1948 साली संस्थान भारतात सामील झाले, पुढे शाळेची भाषा पालटली, आणि त्याच रेषा त्यांनी शिरोलंब, कोनदुभाजक म्हणून नव्याने पाठ केल्या. मौज अशी की, सुमारे 1718 साली जगन्नाथ सम्राटाने संस्कृत ‘रेखागणित’ रचले तेही नसीरुद्दीन तूसीच्या अरबी युक्लिडावरूनच.

मी वडिलांना ‘लीलावती’तले एक उदाहरण दाखवले होते. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ 1150 सालचा. त्रिकोणाच्या भुजा 13 आणि 15, भूमी 14. भुजांची बेरीज 28, वजाबाकी 2. गुणाकाराला 14 ने भागले की 4. हे 4 भूमीत मिळवून व वजा करून निम्मे केले की 9 आणि 5, म्हणजे लंबाने पाडलेले भूमीचे दोन तुकडे, ‘आबाधा’. लंब 12, क्षेत्रफळ 84. इथवर सरळ.

मग आचार्य भुजा 10 आणि 17, भूमी 9 असा त्रिकोण पुढे टाकतात. त्याच रीतीने भागाकार येतो 21. नवातून एकवीस कसे जाणार? आचार्य डगमगत नाहीत. उलट वजा करून निम्मे करा, 6 येतात. ही आबाधा ऋण, म्हणजे उलट्या दिशेची. लंब भूमीच्या बाहेर सहावर पडतो आणि त्याची उंची 8 भरते.

वडिलांनी पाटीवर आकृती काढली, भूमी बाहेर वाढवली, आठ बरोबर आले तेव्हा हसले. आणि त्या बाहेरच्या रेषेपाशी त्यांनी सवयीने उजवीकडून डावीकडे लिहिले, ‘अमूद’.