लखनौचे खोटे देव

आज आपण लखनौला आलोय, आणि मला इथवर आणलंय माझ्या भाच्याच्या एका प्रश्नानं.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंग करतो. शनिवारी रात्री चार-पाच मित्र जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. तलवारीचा वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. यांच्यात गोष्ट सांगण्याचं काम भाच्याकडे आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं मला विचारलं, “मामा, खंडोबाला किती हिट पॉइंट देऊ?”

हिट पॉइंट म्हणजे किती मार सोसल्यावर पात्र मरतं, त्याचा आकडा. माझी आई शेजारीच करंज्या भरत बसली होती. खंडोबा आमचं कुलदैवत. तिनं हातातली करंजी खाली ठेवली आणि नातवाला विचारलं, “म्हणजे मारणार आहात का रे त्याला?” भाचा गप्प झाला. मीही गप्प. प्रश्न साधा होता, पण आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं.

मग मी थोडं वाचलं. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, त्याची एक पुरवणी निघाली. तिच्यात देवांची यादी होती. संपादकानं प्रस्तावनेत लिहिलं होतं की आपली पात्रं वाटेल तेवढी फुगवणाऱ्यांना भानावर आणावं, हा या पुस्तिकेचा एक हेतू आहे. खुद्द देवाची ताकद एवढी, तर तुमच्या पात्राची किती असावी? पण देवापुढे आकडा लिहिला की तो आकडा शून्यावर आणायला कुणीतरी निघणारच.

1980 मध्ये याच विषयाचं मोठं पुस्तक आलं, ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’. त्यात ग्रीक देव आहेत, इजिप्तचे आहेत, नॉर्स आहेत, आणि त्याच रांगेत भारतीय देवही आहेत. इंद्र, अग्नी, यम, विष्णू, लक्ष्मी, काली. प्रत्येकापुढे चिलखताचा आकडा, हिट पॉइंट, हल्ल्याचे तपशील. ख्रिस्ती आणि मुसलमानी धर्मांना त्या पुस्तकात प्रकरण नाही. झ्यूससाठी आज कुणी उपास धरून बसत नाही म्हटलं तरी चालेल, पण लक्ष्मीची पूजा आमच्या घरी त्याच संध्याकाळी होणार होती. लिहिणाऱ्यांना हा फरक दिसला नसावा. त्यांच्या लेखी ही सगळी ‘मिथकं’ होती.

आता लखनौकडे येऊ. इथल्या हजरतगंज भागात नवल किशोर रोड आहे. मुन्शी नवल किशोर यांनी 1858 मध्ये, म्हणजे सत्तावनच्या धामधुमीनंतर लगेच, लखनौला छापखाना काढला. हा हिंदू गृहस्थ कुराणही छापायचा, हिंदू धर्मग्रंथही छापायचा, आणि दोन्हींचा खप दांडगा होता. याच छापखान्यातून 1883 पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड निघू लागले. लिहिणारे मुहम्मद हुसेन जाह आणि त्यांच्यानंतर अहमद हुसेन कमर, दोघंही लखनौचे दास्तानगो.

दास्तानगो म्हणजे रात्र रात्र गोष्ट सांगणारा. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो, तसा हा दास्तान लावायचा. फक्त ती एका रात्रीत संपायची नाही. दास्तानीची चार अंगं मानतात: रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे मायानगरी, आणि अय्यारी म्हणजे वेषांतर आणि हातचलाखी. मूळ कथा अमीर हमजाची, इराणातून आलेली. अकबरानं तिची जवळजवळ 1400 चित्रं काढून घेतली होती. पण होशरुबाचा तिलिस्म फारसी कथेत नाही. त्याची कल्पना लखनौच्या मीर अहमद अली या दास्तानगोकडे जाते. पुढे नवल किशोर छापखान्यानं हमजाच्या दास्तानीचे एकूण 46 खंड काढले.

मंडळी, तिलिस्म म्हणजे काय ते ऐका, आणि माझ्या भाच्याचा खेळ आठवतो का बघा. एक जादूगार एक अख्खं जग रचतो. त्या जगाला नद्या असतात, पहाड असतात, शहरं असतात, आणि नियम असतात. तो कुणाच्या हातून मोडणार हेही रचतानाच ठरलेलं असतं. मोडणाऱ्याला एक ‘लौह’ मिळते, म्हणजे पाटी. प्रत्येक वळणावर पाटी वाचायची आणि ती सांगेल तसं करायचं. न वाचता पुढे गेलात तर अडकलात. होशरुबाचे तीन भाग आहेत: जाहिर, बातिन आणि जुलमात. उघड, गुप्त आणि अंधाराचा. जाहिर आणि बातिन यांच्यामधून रक्ताची नदी वाहते. एखादा जादूगार मेला की अंधार होतो, वादळ सुटतं आणि त्याचाच आवाज ओरडून सांगतो, मला मारलं हो, माझं नाव अमुक होतं.

आणि या जगाला देव आहेत. होशरुबाचा बादशहा अफरासियाब आणि त्याचे जादूगार सामरी आणि जमशेद यांच्या नावानं शपथा घेतात. अफरासियाबाजवळ सामरीचा ग्रंथ आहे. कुठं काय चाललंय हे कळेना झालं की तो उघडून बघतो. शिवाय एक जिताजागता देव आहे, लका. अवाढव्य देहाचा, स्वतःला खुदावंद म्हणवणारा. हमजा त्याला एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पळवत असतो. प्रत्येक पराभवानंतर हा म्हणतो, हे मीच नशिबात लिहून ठेवलं होतं. त्याचा वजीर बख्तियारक भर दरबारात त्याची टर उडवतो, तरी भक्त आहेतच. याच लकाचं दुसरं नाव जमुर्रद शाह. अकबराच्या चित्रांतल्या एका चित्रात हा देव खड्ड्यात पडलाय आणि माळी त्याला बडवताहेत.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती या नावांची निवड. सामरी हा कुराणातला, सोन्याचं वासरू घडवून लोकांना त्याच्या नादी लावणारा. जमशेद शाहनाम्यातला, गर्वानं स्वतःला देव म्हणवून राज्य घालवून बसलेला. पारशी बांधव त्याला मोठा राजा म्हणून आठवतात, पण त्याला देव मानून देऊळ कुणी बांधलेलं नाही. अफरासियाबही शाहनाम्यातलाच तुराणी राजा. म्हणजे दास्तानगोनं खोटे देव घडवायला जुन्या पुस्तकांतले असे लोक उचलले, ज्यांच्यापुढे ऐकणाऱ्यांतला कुणी हात जोडत नव्हता. कोपऱ्यावरच्या देवळातला देव त्यानं खलनायक म्हणून खुर्चीवर बसवला नाही.

हे सगळं अगदी निर्मळ होतं असं मात्र मी म्हणणार नाही. दास्तानीत हरलेल्या बाजूला पर्याय एकच असतो: हमजाचा धर्म घ्या, नाहीतर मरा. महरुख, बहार यांच्यासारख्या ताकदवान जादूगरणी अफरासियाबाला सोडून येतात, तेव्हा जुने देवही सोडूनच येतात. आज ते वाचताना टोचतं. तरीही अशी दास्तान एका हिंदूनं पदरचे पैसे घालून छापली, हेही तितकंच खरं. त्यानं ती व्यापार म्हणून छापली हे उघड आहे, पण त्या गोष्टीत त्याला आपला अपमान वाटला असता तर 46 खंड निघाले नसते.

काळही बघा. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं. होशरुबाचा पहिला खंड निघाला तेव्हा नवाब वाजिद अली शाह जिवंत होते, पण कलकत्त्याला, मटियाबुर्जमध्ये. बादशहा गेलेल्या शहरात लोक एका अशा देवाची गोष्ट वाचत होते, जो प्रत्येक घटनेनंतर म्हणतो की हे माझ्याच इच्छेनं झालं. त्यांना हसू कुणाचं येत असेल, याचा अंदाज तुम्ही करा.

पुढे हे सगळं विस्मरणात गेलं. शम्सुर्रहमान फारुकी यांनी वर्षानुवर्षं शोधून सगळे 46 खंड जमवले आणि त्यांच्यावर लिहिलं. त्यांच्याच प्रेरणेनं महमूद फारुकी यांनी 2005 मध्ये दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली.

तिकडे अमेरिकेतही बदल झालाय. त्याच खेळाच्या 2014 च्या मुख्य पुस्तकात देवांची परिशिष्टं आहेत. काल्पनिक जगांचे देव आहेत. ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स आणि केल्टिक आहेत. भारतीय देव त्यात नाहीत.

लखनौहून मी भाच्याला फोन केला. म्हटलं, खंडोबाला आकडा देऊ नकोस. आजीला वाईट वाटेल हे एक कारण, आणि तेवढं पुरेसं आहे. पण दुसरंही आहे. ज्याचा आकडा माहीत आहे त्याच्याशी फक्त लढता येतं. लकाशी लढताही येतं, त्याला हसताही येतं, त्याची कीवही येते. असा एक खोटा देव तू स्वतः घडव.

पुढच्या शनिवारी त्यानं घडवला. त्याचं नाव मी सांगत नाही, मित्रांचा खेळ अजून चालू आहे. तो देवही हरला की म्हणतो, मीच ठरवलं होतं. भाच्यानं आजीला त्याचा आवाज काढून दाखवला. आई हसली आणि म्हणाली, “याला खुशाल मारा.”

भेटू पुढच्या भागात.