मुंबईच्या ट्रामगाड्या व त्यांच्या कागदपत्रांचा कालनिर्णय

मालवणकडील जुन्या घरांच्या पेट्यांत पोथ्या व खतावण्या यांच्या जोडीला मुंबईचे चिटोरे पुष्कळ निघतात. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यांतून (सिंधुदुर्ग त्यांतून वेगळा झाला तो १९८१ सालीं) गिरण्यांत व गोदींत चाकरीस गेलेल्या माणसांचे ते अवशेष होत. त्यांत ट्रामचें तिकीट सांपडलें कीं तें 'पहिल्या ट्रामचें' म्हणून दाखविण्याची हौस संग्राहकांत आढळते. ह्या समजाची छाननी करणें अवश्य आहे.

ट्रामची कल्पना १८६५ सालीं एका अमेरिकन कंपनीनें पुढें आणली व तीस परवानाहि मिळाला. परंतु कापसाच्या तेजीमागोमाग आलेल्या मंदींत ती बारगळली. १८७३ सालीं बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली आणि ता. ९ मे १८७४ (शके १७९६) रोजीं कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी ह्या मार्गांवर घोड्यांची ट्राम धांवूं लागली. तबेल्यांत ९०० घोडे होते, असें सांगतात. भाडें तीन आणे. तिकीट मात्र नव्हतेंच! पुढें भाडें दोन आण्यांवर आलें, आणि फुकट्या उतारूंना आळा घालण्यासाठीं तिकिटें निघालीं. तेव्हां एखादें तिकीट अस्सल असूं शकेल, पण तें पहिल्या दिवसाचें असणें शक्य नाहीं.

दुसरी खूण नांवाची. १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली व ता. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली. ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा कारभार नगरपालिकेकडे आला, तेव्हां 'ट्रामवेज'च्या जागीं 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द बसला. आद्याक्षरें तींच राहिल्यानें केवळ 'बी. ई. एस. टी.' एवढ्यावरून काल ठरवूं नये.

छायाचित्रांत दुमजली ट्राम दिसल्यास तें सप्टेंबर १९२० च्या अलीकडचें समजावें. दशमान नाणीं ता. १ एप्रिल १९५७ पासून आलीं व शेवटची ट्राम ता. ३१ मार्च १९६४ रोजीं धांवली. सबब दशमान पैशांचें ट्राम-तिकीट ह्या सात वर्षांतलेंच.

एक विनंति. तिकीट ज्या पत्रांत घडी घालून ठेवलेलें सांपडेल त्यांतून तें वेगळें काढूं नये. पाकिटावरील टपालाचा शिक्का पुष्कळदां त्या तिकिटाचा एकमेव साक्षीदार असतो.