सलामत नाताल : एका शुभेच्छेचा इतिहास

आमची उर्दू शाळा आणि मराठी शाळा एकाच इमारतीत भरतात. खालच्या मजल्यावर मराठी, वरच्या मजल्यावर उर्दू. खालच्या शाळेतील एक बाई ख्रिस्ती आहेत. रमजानमध्ये त्या माझ्यासमोर पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नाहीत आणि ईदेला शीरखुर्मा खायला हक्काने घरी येतात. गेल्या डिसेंबरात सुट्टी लागण्याआधी त्यांनी आमच्या शिक्षक-खोलीत केकचा डबा आणून ठेवला. मी त्यांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. दाराशी वह्या घेऊन उभी असलेली सातवीतली एक मुलगी नंतर हळूच म्हणाली, "सर, नाताल मुबारक बोले तो गुनाह होता क्या?"

मी तिला काहीच उत्तर दिले नाही. "बाद में बताता हूँ," म्हणून वेळ मारून नेली. फतवा देणे हे माझे काम नाही, तो माझा अधिकारही नाही. पण मी इतिहास शिकवतो. या साध्या शुभेच्छेवरून कोण, केव्हा आणि का दुखावले, एवढे तरी मी शोधू शकत होतो. सुट्टीत तेच केले.

पहिले आश्चर्य असे की, नाताळ साजरा करण्यावर कायद्याने बंदी घालणारे लोक ख्रिस्ती होते. इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथीयांचा जोर असताना, १६४७ साली, तिथल्या पार्लमेंटने नाताळचा सण रद्द केला. बायबलमध्ये या दिवसाला आधार नाही आणि सणाच्या नावाखाली दारू व दंगा चालतो, हा त्यांचा आक्षेप. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. त्याच अमेरिकेत २००५ च्या डिसेंबरात उलटेच भांडण पेटले. मोठ्या दुकानांनी 'मेरी ख्रिसमस' न म्हणता 'हॅपी हॉलिडेज' म्हटले, म्हणून काही ख्रिस्ती संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. एका काळी सण पाळला म्हणून दंड, दुसऱ्या काळी त्याचे नाव घेतले नाही म्हणून राग. तेव्हा दुखावले जाणे हे शब्दात नसते, शब्दामागच्या काळात असते, असे मला वाटू लागले.

आता आपल्याकडे वळू. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा, इ.स. ६१५ च्या सुमारास, पैगंबरसाहेबांच्या (स.) काही साथीदारांनी हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे आसरा घेतला. नज्जाशीच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरे मरियमचे पठन केले आणि ते ऐकून राजाच्या डोळ्यांत पाणी आले, असे सीरतच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. याच सूरेत हजरत ईसा (अ.) आपल्या जन्मदिवसावर सलामती असल्याचे सांगतात. त्याच सूरेत पुढे ईश्वराला पुत्र असण्याची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे. आदर आणि मतभेद, दोन्ही एकाच सूरेत आहेत. पुढचा सारा वाद या दोन टोकांमधला आहे.

इजिप्तमध्ये फातिमी राजवट होती तेव्हा नाताळच्या दिवशी सरकारी अंमलदारांना मिठाईचे डबे, सरबत, आपल्या जिलेबीच्या कुळातले झलाबिया आणि मासे वाटले जात, असे इतिहासकार मकरीझी (१३६४–१४४२) लिहितो. फातिमी इस्माइली होते, म्हणून कोणी हे बाजूला सारेल. पण मकरीझी स्वतः सुन्नी आलिम होता आणि त्याने स्वतः पाहिलेल्या काहिरातल्या नाताळचेही वर्णन केले आहे. रंगीत, नक्षीदार मेणबत्त्यांचा बाजार भरे आणि थोरामोठ्यांपासून गरिबांपर्यंत सगळे आपल्या मुलाबाळांसाठी त्या विकत घेत.

याच मुलखात विरोधाचा सर्वात भक्कम आवाजही उठला. दमास्कसचे इमाम इब्ने तैमिया (१२६३–१३२८) यांनी इतर धर्मीयांच्या सणांत सहभागी होण्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्यांचे शिष्य इब्ने कय्यिम यांनी अशा धार्मिक सणांच्या मुबारकबादीला हराम ठरवले. आजही विरोध करणारे याच दोन नावांचा आधार घेतात. हा काळ कसा होता? शतकानुशतकांची सलीबी युद्धे नुकतीच संपली होती आणि मंगोल फौजा दमास्कसपर्यंत आल्या होत्या. आपली ओळख पुसली जाईल ही भीती खरी होती. पण याच इब्ने तैमियांनी मंगोलांकडे कैद्यांच्या सुटकेची मागणी केली तेव्हा, फक्त मुस्लिमांना सोडतो म्हटल्यावर ते मान्य केले नाही. ख्रिस्ती आणि यहुदी कैदीही सोडा, ते आमच्या जिम्म्यात आहेत, असा आग्रह धरला. इब्ने कय्यिम यांनीही लग्न, अपत्यजन्म अशा प्रसंगीच्या मुबारकबादीचा विचार वेगळा केला आहे. त्यांच्या नावाने शेजाऱ्याशी बोलणे तोडणाऱ्यांनी हेही वाचावे.

आपल्या देशात १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. पुढे लाहोर आणि आग्रा येथे ते नाताळचा देखावा मांडत, तो पाहायला हिंदू-मुस्लिमांची गर्दी लोटे.  लोक आले, पाहिले, घरी गेले.

मला सर्वात जास्त विचार करायला लावला तो इंडोनेशियाच्या एका साहित्यिकाने. त्याचे नाव हमका, म्हणजे हाजी अब्दुल मलिक करीम अमरुल्लाह. जन्म १९०८, सुमात्रा. कादंबरीकार, पत्रकार आणि आलिम. राजकीय कैदेत असताना त्यांनी 'तफसीर अल-अजहर'च्या लेखनाचे मोठे काम केले. १९७५ साली इंडोनेशियात उलेमा परिषद स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते.

१९६८ च्या सुरुवातीला आणि अखेरीला, अशा दोन्ही वेळा ईदुल फित्र नाताळच्या आगेमागे आली. कचेऱ्यांतून 'एकत्र ईद-नाताळ' साजरा करण्याची टूम निघाली. पुढे नाताळच्या कार्यक्रमांत मुस्लिम मुलांनाही सामील करून घेण्याच्या तक्रारी आल्या. नोकरीतल्या माणसाला आणि शाळेतल्या मुलाला नाही म्हणणे सोपे नसते. ७ मार्च १९८१ रोजी परिषदेने फतवा दिला : मुस्लिमांनी नाताळच्या एकत्र समारंभात भाग घेणे हराम आहे. सरकारला हे रुचले नाही. दडपण आले. हमकांनी फतव्याचे वितरण थांबवले, पण फतवा चुकीचा आहे असे म्हणायला नकार दिला आणि मे १९८१ मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी २४ जुलैला त्यांचे निधन झाले.

हमकांचे नाव आज शुभेच्छेच्या विरोधात घेतले जाते. पण त्या फतव्याच्या निर्णयात शुभेच्छांचा उल्लेखच नाही. तो समारंभातल्या सहभागाबद्दल आहे. इबादत वेगळी, शिरकत वेगळी आणि शेजाऱ्याला दिलेला सलाम वेगळा. ही तीन दालने आहेत. एकाची किल्ली दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो. अल्लामा युसूफ अल-करजावी (१९२६–२०२२) आणि इजिप्तचे दारुल इफ्ता यांनी इबादतीत भाग न घेता दिलेल्या शुभेच्छा जायज मानल्या. अनेक उलेमा आजही मानत नाहीत. ज्याला पटत नाही त्याने म्हणू नये. त्याच्यावर जबरदस्ती करणे म्हणजे हमकांवर झाले तेच करणे. मात्र जो म्हणतो त्याच्या इमानावर बोट ठेवण्याचा हक्कही कोणाला नाही.

या सगळ्या इतिहासात मला एकच धागा दिसतो. जिथे दंड होता, सरकारी हुकूम होता, नोकरीची भीती होती, तिथे माणसे दुखावली. जिथे दोन शेजारी एकमेकांना मोकळ्या मनाने काही बोलले, तिथे दुखावण्यासारखे काही घडल्याचे मला सापडले नाही.

आणखी एक गंमत. इंडोनेशियात नाताळच्या शुभेच्छा देताना 'सलामत नाताल' म्हणतात. 'सलामत' अरबीतून आलेला, सलामच्या घरातला. 'नाताल' पोर्तुगीजांनी तिकडे नेलेला. आपल्या मराठीतला 'नाताळ'ही त्यांच्याकडूनच आलेला. म्हणजे जी शुभेच्छा अनेकांना खटकते, तिचा अर्धा भाग आमच्या उर्दूच्या घरचा आणि अर्धा मराठीच्या घरचा आहे. वरचा मजला आणि खालचा मजला!

शाळा पुन्हा उघडली तेव्हा मी त्या मुलीला बोलावले. तिला हमकांची गोष्ट सांगितली, नज्जाशीची सांगितली. म्हणालो, "बेटी, उलेमांची दोन मते आहेत. घरी अम्मी-अब्बांना विचार. पण काही न बोलता तोंड फिरवून जायचे नाही, एवढे माझे सांगणे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, बाई ईद मुबारक बोलते, तब वो किसको पूछते?"

याचे उत्तर मात्र मला इतिहासात सापडलेले नाही.