खाऊन संपेल का मासा? उजनीची चिलापी आणि अमेरिकेचा ‘कोपी’

बीबीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात मासा म्हणजे तलावाचा किंवा धरणाचा. तो इथलाच असणार, असे आपण गृहीत धरतो. या धाग्यात त्या गृहीतकाविषयी थोडे.

उजनीकाठच्या बाजारांत विकली जाणारी ‘चिलापी’ भीमेची नव्हे. मोझांबिक तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा. १९५२ साली तो सिलोनहून भारतात आणला गेला. स्वस्त प्रथिने मिळावीत, हा हेतू.

सातच वर्षांत मत पालटले. १९५९ मध्ये भारतीय मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारास मनाई केली. कारण माशाच्या स्वभावातच होते. मादी अंडी तोंडात उबवते, म्हणून पिल्ले फार वाचतात. दोन-तीन महिन्यांत ती वयात येते आणि वर्षातून अनेकदा वीण होते. गर्दी झाली की मासा खुरटतो. पण खुरटूनही अंडी घालतो.

मनाई कागदावर राहिली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि त्या संथ, पुण्याच्या सांडपाण्याने जड झालेल्या पाण्यात चिलापीने बस्तान बसवले. (भीमेचे मूळ मासे उणावले, त्याचा सारा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. धरण, सांडपाणी आणि बारीक आसाची जाळी हेही त्यात आहेत.)

आता अमेरिकेकडे वळू. तेथे १९७० च्या दशकाच्या आरंभी तळ्यांतील शेवाळ खाण्यासाठी चंदेरी कार्प आणला गेला. तो निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला. मिशिगन सरोवर वाचवण्यासाठी इलिनॉय राज्याने २०१० पासून कंत्राटी मच्छीमार नेमले, आणि २०२२ मध्ये लोकांनी हे मासे आवडीने खावेत म्हणून त्यांना ‘कोपी’ हे नवे नावही दिले. ‘विपुल’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ते बेतले आहे.

गंमत अशी, की हाच चंदेरी कार्प भारतात आला तो १९५९ मध्येच. चिलापीला मनाई झाली त्याच वर्षी! कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीने तो आपल्याकडे तळ्यांत मुद्दाम वाढवला जातो. मिसिसिपीकाठचे संकट आपल्याकडे मत्स्यबीज म्हणून विकत मिळते.

मग बाजाराने मासा आटोक्यात येतो का? इलिनॉयमध्ये सरकार मासे काढण्याचे पैसे देते. विक्री हा त्याला जोड. उजनीत असे कोणी देत नाही, तरी चिलापीला गिऱ्हाईक आहे, आणि चिलापीही आहे. व्यापाऱ्याला मोठा मासा हवा असतो. वीण थांबवायची तर लहानही काढावे लागतात, ज्यांना भाव नाही. शिवाय ज्याचे घर एखाद्या माशावर चालते, तो त्याचा नायनाट का मागेल? हा मच्छीमाराचा दोष नव्हे. धरणाने ज्यांची जमीन घेतली, त्यांतील कित्येकांच्या हाती पुढे जाळेच आले.

सरकारची भूमिकाही फिरली. २००९ मध्ये तिलापिया-पालनासाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, अटींसह. आणि नाईल जातीपासून विकसित केलेल्या सुधारित वाणाचे बीज पुढे विजयवाड्याजवळ सरकारी संस्थेतच तयार होऊ लागले.