पस्तिशीनंतरचे गर्भारपण : काय आणि कधी तपासावे?

पस्तिशीनंतर आई होणाऱ्या बहुतेक स्त्रियांची बाळे निरोगी असतात. मात्र या वयात वेळ दवडू नये.

असे का?
स्त्रीबीजे जन्मतःच ठरलेली असतात. वयाबरोबर त्यांची संख्या आणि गुणवत्ता घटते. त्यामुळे गर्भ राहायला वेळ लागतो आणि गर्भपाताची शक्यता वाढते. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता ३५व्या वर्षी साधारण ३५० मध्ये १, तर ४०व्या वर्षी १०० मध्ये १ असते. म्हणजे चाळिशीतही शंभरातील सुमारे ९९ बाळांना तो नसतो.

गर्भधारणेपूर्वी
• रक्तदाब, साखर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.
• किमान एक महिना आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा.
• सहा महिने प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास पती-पत्नी दोघांचीही तपासणी करा. चाळिशी उलटली असेल तर तेवढेही थांबू नका.

गर्भारपणात
• ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी होते. तिच्यात धोका जास्त दिसला म्हणजे बाळात दोष आहेच असे नाही. खात्रीसाठी पुढील तपासणी लागते.
• १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी करतात.
• रक्तदाब आणि साखर नियमित तपासा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?
तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे.

केवळ वय जास्त म्हणून सिझेरियन करावेच लागते असे नाही.