बाळाचा 'उशीर' ठरवला कोणी? पहिल्या पावलाचा इतिहास

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांच्या घरात रांगतं बाळ आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका. प्रश्न साधा आहे. बाळ वर्षाचं झालं आणि चालत नाही, म्हणजे त्याला 'उशीर' झाला, हे ठरवलं कोणी?

आमच्या माढ्याकडे याचं जुनं उत्तर लाकडाचं होतं: पांगुळगाडा. तीन चाकं आणि धरायला आडवा दांडा. बाळ दांडा धरून उभं राहतं, ढकलतं आणि पाऊल टाकतं. गंमत बघा, नावातच 'पांगुळ' आहे, तरी तो घरात आला म्हणून कुणी घाबरत नसे. चालायला लागेपर्यंत प्रत्येक बाळ पांगळंच, असा साधा हिशोब.

खरी भीती होती पोलिओची. आपल्या आज्यांच्या पिढीने पळतं पोर तापाने पडलेलं आणि उठल्यावर त्याचा पाय लुळा झालेला बघितलाय. म्हणून नातवंडाचं पाऊल लांबलं की त्यांच्या पोटात आजही गोळा येतो. भारतात वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला, ती दीड वर्षाची मुलगी होती. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

मग महिन्यांचे तक्ते आले कुठून? अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नोल्ड गेसेल यांनी १९२० च्या दशकापासून बाळांचं निरीक्षण केलं, त्यांच्या फिल्म काढल्या आणि कुठल्या महिन्यात काय येतं ते मांडलं. पण ती बाळं होती मुख्यतः न्यू हेवन शहरातली. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर काम केलं आणि त्यातून बडोदा चाचणी तयार झाली.

सगळ्यात मोठा आकडा आला २००६ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतल्या ८१६ निरोगी बाळांच्या नोंदी ठेवल्या. भारतातली बाळं दिल्लीची होती. आधाराशिवाय चालण्याचा काळ निघाला ८.२ ते १७.६ महिने! मधला आकडा साधारण १२. म्हणजे 'वर्षाला चालतं' हा फक्त मध्य आहे, निम्मी बाळं त्यानंतरच चालतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही डेडलाइन नाही, रेंज आहे. आणखी एक गोष्ट: यातली ४ टक्क्यांच्या आसपास बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच पुढे गेली.

माझी भाची १४ महिन्यांची होईपर्यंत चालत नव्हती. ताईच्या फोनमधलं ॲप रोज आठवण करून द्यायचं, वर शेजारणी विचारायच्या, "अजून नाही का गं?" मी ताईला हीच रेंज दाखवली. ती म्हणाली, "हे आधी कुणी का सांगत नाही?" म्हणून हा भाग.

पण याची दुसरी बाजूही ऐका. "आमच्याकडे सगळेच उशिरा चालतात" म्हणून दोन वर्षं थांबणंही चूक. ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो याचसाठी. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. वाढीतला उशीर हाही त्या तपासणीचा भाग आहे, आणि गरज असेल तर पुढच्या उपचारासाठी पाठवतात. सगळं मोफत.

तर लक्षात ठेवा. १८ महिने झाले तरी बाळ एकटं चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. ते एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करायचं थांबलं असेल, तर १८ महिन्यांचीही वाट बघू नका. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर महिने डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा.

बाकी, शेजारच्या बाळाशी शर्यत लावू नका. त्याला कुठे ठाऊक आहे शर्यत सुरू झालीये ते!